चतुःसीमा

दिवसभर मी लोकांच्या जमिनी उतरवून घेते.
मोजणारे दुसरे, ते उन्हात उभे असतात;
मी सेलूच्या ऑफिसात टेबलाशी बसून
त्यांच्या नकाशाची नक्कल काढते.
दोन भावांमधला बांध
माझ्या पेन्सिलीच्या टोकाएवढाच जाड.
त्याच्यापायी फुटलेली डोकी
कागदावर येत नाहीत.

संध्याकाळी घराचं कुलूप काढते.
चपला सुटतील तिथं सोडते.
डावी दारात, उजवी पार मोरीपर्यंत गेली तरी
कुणाची हरकत नाही, अपील नाही.

नळ आठव्या दिवशी येतो, आला तर.
आधी हंडा, मग बादल्या, मग कुकर, मग आईची कळशी,
सगळं झालं की शेवटी चहाचा कप.
कपात पाणी भरून ठेवायला काही कारण नाही.
काठोकाठ भरलेला बघायला बरा वाटतो.

भाकरी एकच थापते.
ऑफिसातल्या बाया म्हणतात, एकीसाठी कुठं तवा तापवायचा?
माझी एकुलती एक भाकरी फुगते
आणि मी तिच्यापुढं उभी राहते, हात कमरेवर,
जसं काही मीच फुंकर घातली.
जवसाची चटणी, वर करडईचं तेल,
ताटलीखाली पेपरातलं शब्दकोडं.
परवा आलं होतं : सोबत नसलेला, तीन अक्षरं.
मी लिहिलं, मोकळा.
दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, एकटा.
मधला क तेवढा जुळला.
खोडलं नाही. बाजूचे दोन उभे शब्द बिघडले,
बिघडू दे.

आता खरं सांगते.
पत्र्याला एक भोक आहे, खिळा निसटलेलं.
त्यातून उन्हाचं एक नाणं फरशीवर पडतं.
दर रविवारी बाराच्या ठोक्याला
मी त्याच्याभोवती खडूनं गोल काढते, शेजारी तारीख.
गेल्या पौषात ते खाटेखाली गेलं, खाट सरकवली.
वैशाखात परत भोकाच्या पायाशी येऊन बसलं.
पावसाळ्याचे तीन महिने कोरे,
तेव्हा तिथं पातेलं होतं.
घरमालक दिगांबरराव डांबराचा डबा देऊन माणूस पाठवतात.
"ताई, गळायलंय की!"
"गळू द्या."
तो जिन्यात थांबून एकदा पत्र्याकडं बघतो, एकदा माझ्याकडं.
भाऊ फोनवर विचारतो, दैवशाला, काय करायलीस एकटी?
मोजणी चाललीय म्हणते.
त्याला वाटतं, ओव्हरटाइम.

ठिपके जोडले तर इंग्रजी आठ निघाला,
एक पोट लहान, एक मोठं, मधे पीळ,
दाव्याला गाठ मारता मारता
कुणी हाक मारल्यावर सोडून द्यावी तसा.
ऊन सरळ जात-येत असेल असं वाटायचं.
सत्तेचाळीस वर्षं तसंच वाटत होतं.

मिळकतीचं वर्णन :
पूर्वेस जिना.
पश्चिमेस रजियाभाभीची गच्ची, तिच्यावर शेवया.
दक्षिणेस रूळ. रात्रीची गाडी गेली
की फुलपात्र तांब्यावर किणकिणतं,
आणि मी कूस बदलते, अख्ख्या खाटेवर.
उत्तरेस भिंत. तिकडची मोजणी बाकी.

आज रविवार.
भाभीची नात सायमा गोलांमधून लंगडी घालत येते.
"ही रांगोळी अर्धीच का ठेवली?"
"ढग होते."
तिला हे उत्तर पटतं.
बाराला चार मिनिटं कमी. दोघी उकिडव्या बसतो.
ती नाण्याखाली तळहात धरते, मूठ मिटते,
ते मुठीवर येऊन बसतं.
मग हात काढ म्हणते मी, खडू टेकवते.
बारा.

ती गेल्यावर दाराला आतून कडी लावते.
कडीचा तो आवाज.
कपातलं पाणी पिऊन टाकते, उभ्यानंच.