कुठला हवाय?

बर्लिंग्टनला, चर्च स्ट्रीटवर,
वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात
एकोणतीस वर्षं काउंटरमागे उभी आहे मी, व्हर्नेल.
दार ढकलून माणूस येतो, टोपी मागे सारतो,
म्हणतो, रेग्युलेटर द्या.
मी विचारते, कुठला?
त्याला वाटतं, बाई नवखी आहे.

अहो, अ‍ॅसिटिलीनचा उलट्या आट्यांचा,
ऑक्सिजनचा सुलट्या.
एकाचा दुसऱ्याला बसत नाही, बसूच नये
म्हणून कुणा शहाण्यानं करून ठेवलेली सोय.
(आमच्या घरातही दोन माणसं तशीच होती.
पण ते राहू दे.)

ड्वाइट प्रूइटला हवा असतो दातांत धरायचा.
गोल्फच्या तळ्यांत बुडी मारून तो चेंडू काढतो, डझनावर विकतो.
तसला इथं मिळत नाही, दर वसंतात सांगते,
दर वसंतात येतो.
त्याला बोलायचं असतं: खाली काय काळोख असतो,
गाळात कोपरापर्यंत हात घालून चाचपायचं,
आणि कानाशी आपलाच श्वास, खर्र, खर्र,
आणि तोंडातली ती वस्तू
मागितल्याशिवाय न देणारी,
मागितलं की नाही न म्हणणारी.
"माझी आई नव्हती तशी," एकदा म्हणाला,
आणि काही न घेताच गेला.

मार्चमध्ये रॅलेहून येतो तो निराळाच.
बूट पुसून आत येतो, साखळ्या मोजतो,
सिलिंडर भिंतीला बांधलेत का, तारखा उलटल्यात का.
पोरं मागून डोळे मिचकावतात: आला रेग्युलेटर!
त्याच्यावर वरून दाब किती
आणि आमच्यापर्यंत तो सोडतो किती,
ते दाखवणारा काटा मात्र
त्याच्या छातीवर कुणी बसवलेला नाही.

आणि इथून सहा मैलांवर ते मैदान.
सतराशे एकाहत्तर, मे महिना.
कर वसूल करणाऱ्यांच्या लुटीला
आवर घालू म्हणून माणसं जमली,
आणि त्यांनी स्वतःलाच हे नाव घेतलं.
गव्हर्नरनं तोफा आणल्या.
नंतर हिल्सबरोला सहा जण फासावर.
शाळेच्या सहलीत मी हात वर करून विचारलं,
मग रेग्युलेटर नक्की कोण, बाई?
आवरणारे की आवरले गेलेले?
बाईंनी मला बसमध्ये नेऊन बसवलं.

त्याच शाळेत माझा बाप झाडू मारायचा.
व्हरांड्यातल्या घड्याळाच्या काचेवर
सोनेरी अक्षरांत लिहिलेलं होतं, रेग्युलेटर.
मला वाटायचं, ते त्याचं आडनाव.
दर सोमवारी बाप स्टुलावर चढून चावी द्यायचा.
आठवड्याला चार मिनिटं मागे पडायचं ते.
अख्खी शाळा त्याच्यावर चालायची,
आणि ते चालायचं बापाच्या खिशातल्या
दोन डॉलरच्या घड्याळावर.
"कुणाला सांगू नकोस," म्हणायचा.
आज सांगितलं.

आता लॉनीच्या उशाशी हिरवी बाटली आहे.
आमच्याच दुकानाची, मीच निवडून आणलेली.
डॉक्टरांनी लिहिलंय: दोन.
जास्त झालं तर त्याचं शरीर
श्वास घ्यायचं विसरेल, नर्स म्हणाली.
रात्री अडीचला तो कुजबुजतो, तीन कर ना गं.
मी उठते. चष्मा सापडत नाही, लागतही नाही.
बोटांना ठाऊक आहे.
तीनवर नेते, टक्.
परत दोनवर आणते, टक्.
त्याला दुसरा टक् ऐकू येत नाही,
किंवा येत असेल.
"आता बरं वाटतंय," म्हणतो
आणि माझं मनगट धरून ठेवतो.

शाळा पाडली तेव्हा उचलून आणलेलं
बापाचं घड्याळ समोर आहे.
चार मिनिटं मागे.
राहू दे.