मीठ चिकटलं का

पुंजाजी मामंजी मक्याचा दाणा दाढेखाली धरतात,
डोळे मिटतात,
आणि कट्ट.
"वाळला व. भर पोते."

बेचाळीस वर्षं आमची पोती
या एका आवाजावर शिवली गेली.
देवळातल्या घंटेशी कोणी वाद घालतं का?

मागल्या दिवाळीनंतर थप्पीच्या मधलं पोतं उसवलं
तर आत हिरवट भुकटी
आणि ओल्या गोधडीचा वास.
सासूबाई म्हणाल्या, कोंबड्यांपुढं टाकू.
मी टाकू दिलं नाही.
बांधापलीकडं खड्डा खणला. नऊ पोती.
त्या रात्री मामंजींनी भाकर मोडली
आणि तशीच ताटात ठेवली.

मग मी मोताळ्याला प्रशिक्षणाला गेले.
चहा बरा होता, पंखा बंद.
ताई दोन ओळींतलं अंतर सांगत होत्या,
पोंग्यातली अळी, खताचा हप्ता, सगळं.
माझ्या वहीत एवढंच उतरलं:
काचेची बाटली, कोरडी.
मीठ तव्यावर भाजून, चौथाई.
तेवढाच मका. झाकण.
मिनिटभर हलवा, मग ठेवून द्या.
मीठ काचेला चिकटलं तर दाण्यात पाणी आहे.

परतीच्या एसटीत मलाच ओशाळल्यासारखं झालं.
दिवसाची मजुरी बुडवून
मी मीठ भाजायला शिकून आले होते.

घरात खोकल्याच्या औषधाची बाटली होती.
लेबल नखानं खरवडलं, अर्धं राहिलं:
"जेवणानंतर दोन चमचे".

खळ्यात मामंजींनी दाणा दाढेखाली धरला. कट्ट.
"वाळला."
मी बाटली हलवून दगडावर ठेवली.
पहाटेच्या टिनावर दव बसावं
तसं मीठ काचेवर चढून बसलं.
कोणीच काही बोललं नाही.
बकरी तेवढी ओरडली.

मग त्यांनी जांभई दिली, उन्हाकडं तोंड करून,
आणि मला दिसलं,
उजवीकडची ती दाढ नव्हतीच.
डावीकडचीही नव्हती.
कट्ट ते जिभेनं करत होते, टाळूवर.
कधीपासून?
नऊ पोत्यांपासून तरी.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही.
इथं लिहिते, कारण ते वाचत नाहीत
आणि माझा नवरा फक्त बाजारभाव वाचतो.

म्हटलं, मामंजी, मले अंदाज येत नाही,
किती हलवाची ते तुम्हीच पाहा.
त्यांनी बाटली घेतली. डोळ्यांपुढं नाही, कानाशी धरली.
हलवली. पुन्हा हलवली.
"खुळखुळत नाही हे," ते म्हणाले, "घोगरं बोलते.
अजून दोन उन्हं."

दोन उन्हं म्हणजे
ताडपत्री, सडकेवर नाही, अंगणात;
पायानं दाण्यांत सरी ओढत फिरायचं,
दुपारी उलथायचं, दव पडायच्या आत गोळा करायचं,
चिमण्या, बकऱ्या, जाऊबाईंचं पोरगं, सगळ्यांना हाकायचं.
तिसऱ्या दिवशी मीठ सुटं झालं,
काचेतून वाळूसारखं घरंगळलं.
पोती फळ्यांवर रचली, भिंतीपासून हातभर दूर.

व्यापाऱ्यानं पोत्यात कोपरापर्यंत हात घातला.
"ओल हाय बाप्पा. क्विंटलमागं दोन किलो कापतो."
मामंजींनी खिशातून बाटली काढली
आणि त्याच्या कानाशी नेऊन वाजवली.
तो हसला. माणसं हसली.
त्यानं एक किलो कापलं.

एक किलो तरी कापलंच.

आता ते खळ्याखळ्यातून फिरतात,
कुर्त्याच्या खिशात दोन चमच्यांची बाटली.
कडूबाच्या अंगणात, द्वारकाबाईच्या माळवदावर
लोक त्यांना बोलावून नेतात.
ते बाटली कानाशी धरतात, डोळे मिटतात,
आणि निकाल सांगायच्या आधी
सवयीनं,
कट्ट.

मीठ आठवड्याला बदलावं लागतं.
ते मी भाजून ठेवते.