निरंक

पेटी आली तेव्हा रोवणी चालू होती,
म्हणून सरपंचाने ती रात्री उघडली,
मोटारसायकलच्या उजेडात.
अनुदान एक लाख चाळीस हजार, पहिला हप्ता:
केशरी जॅकेटं बारा, दोर दोनशे फूट,
चार विजेऱ्या, सेल ज्याचे त्याने घ्यायचे,
एक स्ट्रेचर, एक हाताने फिरवायचा भोंगा.
भोंग्याच्या खोक्यावर छापलं होतं: नाजूक.

टोलीतून बारा नावं गेली.
बारावं माझं, कागदावर एक तरी बाई हवी होती.
तहसीलच्या हॉलात तीन दिवस शिकवलं.
बाहुलीच्या छातीवर तीस दाब, दोन श्वास.
बाहुलीला पाय नव्हते.
दोर कसा फेकायचा ते नागपूरच्या मास्तराने दाखवलं,
आम्हा ढिवरांना.
जाळं फेकणारे हात पाठीमागे धरून
आम्ही ऐकून घेतलं. चहा चांगला होता.
भत्ता यायचाच आहे अजून.

दोर पहिल्यांदा सुटला तो आसाराम वलथऱ्यांच्या म्हशीसाठी.
विहिरीत पडली होती, गाभण.
नोंदवहीत मी लिहिलं: बचाव, एक. रंग काळा.
टेंभुर्णे बाबू म्हणाले, म्हशीचं हेड नाही जी याच्यात.
मग खोडून लिहिलं: सराव.

मग भादव्यातली ती रात्र.
वरच्या धरणाचं पाणी सोडल्याचा निरोप
मोबाइलवर आला होता म्हणे,
टॉवर दुपारीच मेलेला.
मला कळलं ते तळपायाला.
अंगणातली माती नको तितकी मऊ,
आणि बेडकं एकाएकी गप्प.
पेटीची चावी ग्रामसेवकाकडे, ग्रामसेवक तालुक्याला.
कुलूप मी वरवंट्याने फोडलं.
वरवंट्याचा टवका उडाला,
तो कुठल्याच हिशेबात नाही.

भोंगा आधी नुसताच घरघरला, दमेकरी छातीसारखा,
मग असा ओरडला
की दहा वर्षं कानाने ठार सकवारबाई
उंबरठ्यावर येऊन विचारती झाली,
काऊन वो, कोन मेलं?
कोनी नाही. चाल. शाळेकडे चाल.

माणसं एकशे सहा. जॅकेटं बारा.
ती पोरांना घातली, घोट्यापर्यंत आली,
एक पोरगं त्यातच झोपलं.
तुकारामच्या डोंग्याने पाच खेपा केल्या,
सहावी बकऱ्यांची.
उजाडलं तेव्हा सतरा घरांच्या भिंती नव्हत्या.
माझ्या चुलीत गाळ, गाळात झिंगे, जिवंत.
दुपारी तेच रांधले, दुसरं काय होतं.

आता दुसऱ्या हप्त्यासाठी
उपयोगिता प्रमाणपत्र पाहिजे.
बाबू रकाने वाचतात, मी सांगते.
जीवितहानी? निरंक.
बेपत्ता? निरंक.
जखमी? माझा अंगठा,
पण तो वरवंट्याचा. निरंक.
बाबूंचं पेन थांबतं.
सगळंच निरंक भरलं, बाई,
तर वरचे म्हणतील, मग पैशाचं काम काय पडलं?

खिडकीबाहेर सकवारबाई बसलीय,
आपल्या घराच्या पंचनाम्यासाठी,
मांडीवर पिशवी, पिशवीत आधार कार्ड, सुकलेलं.
मी बाबूंना म्हटलं, लिवा जी.
तिच्याकडे पाहून लिवा.
अक्षर जरा मोठं काढा.

त्यांनी लिहिलं.
मग शेवटचा रकाना, शेरा.
मी म्हटलं, विजेऱ्यांचे सेल.