साल

शेवंती वेळीप नेत्रावळीहून येते,
पहाटेच्या कदंबनं, दोन पिशव्या घेऊन.
एकीत सोलं, माझ्यासाठी, पाच किलो,
बिनमिठाची.
(पहिल्याच वर्षी बजावलं होतं मी, मीठ नको.
ती हसली होती : अळणी सोलं कोण खातं गे बाय?)
दुसरीत फाइल, एक्स-रे, पेजेचा डबा,
बांबोळीसाठी.

दुसरी पिशवी यंदाचीच.

ताळगावच्या पठारावर माझी प्रयोगशाळा.
खिडकीतून इस्पितळाची टाकी दिसते,
मधे काजूची झुडपं आणि एक अर्धवट बांधलेली इमारत.
मी सोलं दळते, द्रावकात भिजवते.
आधी लाल येतं, भरमसाट, बोटांना, ओट्याला, वहीच्या कडेला.
पाहुण्यांना वाटतं हेच ते.
हे नव्हे.
लाल जाऊ द्यायचं, गाळायचं, पुन्हा गाळायचं,
आणि पंधरवड्यानं तळाशी उरतं
नखावर मावेल एवढं पिवळं.

ते मी पेशींना घालते.
पेशी एका परदेशी ननच्या छातीतल्या.
ती बाई केव्हाच वारली,
तिची गाठ मात्र अजून वाढते आहे इथं गोव्यात,
सदतीस अंशांवर, दर दोन दिवसांनी खाऊ घालावं लागतं तिला.
नाताळातही मी येते. ती सुट्टी घेत नाही.
पिवळं पडलं की पेशी आक्रसतात,
कडा सोडतात, गोळा होतात, तरंगतात.
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा
मी जेवणाचा डबा तसाच परत नेला होता, आनंदानं.

शेवंती स्टुलावर बसली.
पदर सारखा केला, डावीकडचा.
म्हणाली, तुजें हें हळदुवें म्हाका जातलें?

मी म्हटलं, काचेत लागू पडतं.
ती थांबली होती, म्हणून पुढचंही सांगितलं :
काचेत तर फिनेलही लागू पडतं.
पोटात गेल्यावर यकृत त्याचं काय करतं,
रक्तात किती उरतं, गाठीपर्यंत किती पोचतं,
ठाऊक नाही. उंदरांचं अजून व्हायचंय.
तुझ्या मुलानं मामफळाची पानं उकळलीत ना,
ती आधी डॉक्टरला सांग.
सलाईन चुकवू नकोस.

मग ती इतकी गप्प झाली
की मी नको तेवढं बोलत सुटले :
ती सलाईन आहे ना, तीसुद्धा मुळात
कुठल्याशा झाडाची सालच,
थंड मुलखातली. तिलाही कुणीतरी असंच दळलं, गाळलं.
साल ते सलाईन, तीस वर्षं लागली.

तीस सालां, ती म्हणाली,
आणि बोटांवर काही मोजलं.
वाटलं, आता रडेल.
भिरंडीक फळ धरूंक धा सालां लागतात, ती म्हणाली.
आजेसासूनं लावली, खाल्ली नाहीत.
हांव विकतां.
भाव वाढवशी मगे यंदा?

किलोमागे चाळीस वाढवले.
फॉर्मवर कारण लिहायची जागा होती : टंचाई, लिहिलं.

ती गेल्यावर पिशवी उपसली,
तर तळाशी केळीच्या पानात वेगळी पुडी.
मीठ लावलेली, ओलसर, काळी,
दोऱ्यानं बांधलेली.

रात्री नारळ खवला.
कढी गुलाबी झाली, होते तशीच.
पिवळं त्यात किती, मी हिशेब केला नाही.
लसूण जरा जास्त पडली.

पिशवी धुऊन वाळत घातली आहे.
एकवीस दिवसांनी तिची पुढची सलाईन,
तेव्हा द्यायची.
ननच्या पेशींना परवा खाऊ घालायचं.