कोरी चिठ्ठी

एकतीस डिसेंबर, पावणेबारा.
पाळकांनी गेल्या वर्षीची पाकिटं परत वाटली.
आत माझंच अक्षर:
संपूर्ण शास्त्र वाचीन.
लेवीयपर्यंत पोचले होते,
तिथं बैलांच्या चरबीत आणि कोडाच्या नियमांत
फेब्रुवारी संपला.

खाली, बारीक: सालोमीशी बोलेन.

सालोमी दोन बाकं पुढे.
तिच्या मानेवरचा तीळ मला पाठ झालाय
वचनासारखा.
भांडण पेटीवरून,
नाताळात कोण वाजवणार म्हणून.
भाता तर तेव्हापासून फाटलेलाच.

यंदाच्या चिठ्ठीवर पेन टेकवून बसले.
घंटा झाली.
कितीतरी हात हातात आले, गेले.
तिचा नाही.

रिक्षा होम मैदानावरून आली.
गड्ड्याचे पाळणे अर्धेच उभे,
थंडीत सांगाड्यासारखे.

दीडला गल्लीतला नळ खाकरला.
पाच दिवसांनी, न सांगता,
रात्री चोर यावा तसा.
घागर लावली. बादली लावली.
समोर रणभिशांच्या खिडकीत अंधार.

अनवाणीच गेले. कडी वाजवली.
"पाणी आलंय."

बराच वेळ काहीच नाही.
मग आत हंडे वाजले,
आणि तिचा झोपेतला आवाज:
"मोटर आहे का गं तुझी? माझी जळलीय."

चिठ्ठी अजून पर्समध्ये आहे.
रविवारी पाळक मागतील.