दीड टन

सोहारात आज शेहेचाळीस.
"सेल्सिअस," शर्वाणी म्हणते,
"एकक नसेल तर बाई अर्धा गुण कापतात."

हा आला तो पाणी पिऊनच बोलला :
दीड टनाचा एसी, गच्चीवर, एकट्याने चढवला.
तिने लगेच मांडलं, पंधराशे किलो.
बाबा, काहीतरी चुकतंय.

चुकतंयच. हा टन वजनाचा नाही गं.
टनभर बर्फ दिवसभरात वितळायला
जेवढी उष्णता लागते,
तेवढी खोलीतून उपसायची.
टनाला साडेतीन किलोवॉट धर.

खोडलं. गुणलं. सव्वापाच.

"आणि उपसलेली जाते कुठे?"
"बाहेर. गच्चीवर."

मी शर्ट भिजवायला घेतला, तर म्हणाली, थांब आई.
पाठीवरच्या मिठाच्या पांढऱ्या रेघेला
तिने पट्टी लावली.
एकवीस.
मग, सावकाश, सेंटिमीटर.