केयी

कूलर बंद केला की खोलीत आधी घाम येतो,
मग शांतता.
धंतोलीतले हॉर्न खिडकीच्या रबरापाशी थांबतात.
मी तोंडासमोर फाइल धरते,
ओठ दिसू नयेत म्हणून.
आ. ऊ. ई. म. श. स.
सहा आवाज, क्रम दर वेळी वेगळा,
ऐकू आला की एक मणी
प्लास्टिकच्या डब्यात. टक्.

कुंजल ढोबळे, मुक्काम कोंढाळी.
वय चार वर्षं.
ऐकण्याचं वय चौदा महिने,
कारण यंत्र बसलं तेव्हापासून मोजतो आम्ही;
त्याआधीची वर्षं आमच्या वहीत नसतात.

'स'ला तिचा हात हवेत थांबतो.
'स' म्हणजे असतं तरी काय,
दातांच्या फटीतून निसटलेली थोडीशी हवा.
मी पुन्हा म्हणते.
बराच वेळ.
टक्.
तिची आई खुर्चीच्या कडेवर बसलेली,
एसटीचं तिकीट बोटांत वळून वळून
वातीएवढं झालेलं.

मग चित्रं.
मांजर. म ठीक. ज ठीक,
जिलबीतला नव्हे, जांभळातला ज.
लिहायला एकच, तोंडात दोन,
आणि हे तिला कुणीही शिकवलेलं नाही.

केळीचं चित्र.
"केयी."

पेन आपसूक 'चूक'च्या रकान्याकडे सरकलं.
आरशासमोर बसवलं तिला:
जीभ मागे वळव, टाळूला लाव,
आता सोड, पुढे आपटू दे.
ळ. ळ. बघ माझ्याकडे.
(वळव, टाळू: शिकवायचे शब्दही
त्याच अक्षरावर उभे, जे तिच्याकडे नाही.)
ती माझ्या तोंडात डोकावली,
दातांच्या डॉक्टरसारखी, नीट,
आणि म्हणाली, "केयी."

"मॅडम," आई म्हणाली,
"आमच्या घरी त सारेच केयी म्हन्तेत.
मीबी. तिचा आबाजीबी.
चुकलं का काही?"

मी पेन ठेवलं.

पावणेतीन वर्षं या पोरीच्या कानात काहीच नव्हतं.
मग बावीस ठिकाणांहून विजेचे टोचे सुरू झाले,
ना बाईचा आवाज, ना भांड्याचा,
नुसती खरखर.
त्या खरखरीतून तिने आईची सकाय वेगळी काढली,
आईची पोयी,
जवय ये, नयाले पानी आलं,
आणि माझ्या पुस्तकात जिथे ळ आहे
तिथे कोंढाळीत काय ऐकू येतं
ते जसंच्या तसं
माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

मी चुकीवर खूण करायला निघाले होते.

मी दारव्ह्याची. पाचवीत नागपूरला आले.
सीताबर्डीच्या शाळेत बाईंनी उभं ठेवलं,
फळ्याला फया म्हणाले म्हणून. वर्ग हसला.
आठवडाभर न्हाणीघरात
टाळूवर जीभ आपटत होते,
साबणाचं पाणी तोंडात जाईपर्यंत.
शिकले. इतकी की आता दुसऱ्यांना शिकवते,
त्याचे पैसे घेते.
पण भर झोपेत कुणी हाक मारली
तर आधी डोया उघडतो माझा,
डोळा नंतर.

रकाने दोनच छापलेले, बरोबर आणि चूक.
मी मधल्या रेघेवर लिहिलं: आईसारखं.
वरचे विचारतील. विचारू देत.
शाळेत ळ लागेल तिला, ठाऊक आहे,
तो घेऊ दिवाळीनंतर,
ज्यादाचा म्हणून.
पहिला परत न मागता.

"झालं आजचं," म्हटलं, आणि कूलर लावला.
मोटर आधी खोकली, मग घरघरली.
आईने पदराने मान पुसली.
फाइल माझ्या मांडीवर, तोंड मिटलेलं,
कुणी काही विचारलं नव्हतं.
कुंजलने डब्याबाहेरचा एक मणी उचलला,
कूलरकडे पाहिलं,
टाकला.